घर आपलं, नकाशा शहराचा

मराठी घरांत दोन कागद जिवापाड जपले जातात: खरेदीखत आणि घरपट्टीच्या पावत्या. खरेदीखत लोखंडी कपाटाच्या आतल्या खणात जातं. पावत्या वर्षानुवर्षं एकाच फायलीत लागत राहतात आणि घराविषयी कुणी शंका काढली की ती फाइल बाहेर येते. ‘आम्ही इतकी वर्षं नियमित कर भरतोय’ हे वाक्य तिच्यासोबत येतंच. ते खरं असतं आणि बोलणाऱ्याने ते अभिमानाने म्हटलेलं असतं. पण कायद्यापुढे त्याचा फारसा उपयोग होत नाही. कर भरल्याने घर अधिकृत होत नाही आणि मालकीही सिद्ध होत नाही. महापालिका उभ्या असलेल्या मिळकतीवर कर आकारते. ती उभी कशी राहिली, हे करखातं विचारत नाही.

घर सुरक्षित आहे की नाही, हे दुसऱ्याच कागदांवर ठरतं. जमीन विकास आराखड्यात कोणत्या रंगात आहे, नकाशा मंजूर आहे का, बांधकाम त्या नकाशाप्रमाणेच झालंय का आणि शेवटी भोगवटा प्रमाणपत्र मिळालंय का. यातले निम्मे कागद घरमालकाने कधी पाहिलेलेही नसतात. नगररचना, बांधकाम परवानगी आणि करआकारणी ही तिन्ही खाती एकाच महापालिकेची, पुष्कळदा एकाच इमारतीतली. तरी माणूस पहिल्या खात्यात सहसा जातच नाही, दुसऱ्यात वास्तुविशारदाला किंवा बिल्डरला पाठवतो आणि तिसऱ्यात दरवर्षी एप्रिल-मेमध्ये रांगेत उभा राहतो. म्हणून झोन, परवानगी आणि कर यांचं एकमेकांशी काय नातं आहे, हे त्याच्या लक्षात येत नाही. हे तीन विषय मिळून एकच विषय आहे, असं माझं ठाम मत आहे. त्यांचे तुकडे करून वाचण्याची किंमत महाराष्ट्रातल्या लाखो कुटुंबांनी मोजली आहे, म्हणून हे पुस्तक.

नियमांची सुरुवात कुठून झाली, ते आधी पाहू. १८९६ साली मुंबईत प्लेग आला. उजेड आणि वारा न पोचणाऱ्या दाट चाळींमध्ये तो पसरला, आणि १८९८ मध्ये सरकारने सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन केला. या ट्रस्टने घरबांधणीला साडेत्रेसष्ट अंशांचा नियम लावला: जमिनीशी तेवढा कोन करून येणारा उजेड तळमजल्याच्या खिडकीपर्यंत पोचला पाहिजे. हिशेब साधा होता. इमारत जेवढी उंच, तिच्या साधारण निम्मी जागा समोर मोकळी हवी. दादर-माटुंग्याच्या जुन्या वसाहतींमधून चालताना दोन इमारतींच्या मध्ये आकाश दिसतं, त्यामागे हा विचार आहे. आज ज्याला आपण साइड मार्जिन म्हणतो आणि ‘एवढी जागा वाया कशाला घालवायची’ म्हणून जिथे स्वयंपाकघर वाढवतो किंवा पत्र्याची शेड टाकतो, ती जागा या वंशातली आहे. तिथून उजेड येतो, वारा येतो आणि प्रसंग आला तर अग्निशमन दलाची गाडी येते.

पुढचा प्रवास भराभर सांगतो. १९१५ चा मुंबई नगररचना अधिनियम हा देशातला या विषयावरचा पहिला कायदा. १९५४ च्या कायद्याने शहरांवर विकास आराखडा करण्याचं बंधन घातलं. आणि महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम १९६६ हा आजही चालू असलेला कायदा. सगळे त्याला एमआरटीपी म्हणतात, मीही तेच म्हणतो.

एमआरटीपीखाली होणारा विकास आराखडा, म्हणजे डीपी, हा शहराने वीस वर्षांसाठी स्वतःविषयी घेतलेला निर्णय असतो. पिवळा रंग निवासी, जांभळा औद्योगिक, हिरवा शेती किंवा ना-विकास. कोणत्या भूखंडावर शाळा, कुठे क्रीडांगण, कुठून रस्ता जाणार, हे सगळं त्यावर आखलेलं असतं. प्रारूप आराखडा राजपत्रात आणि वर्तमानपत्रांत जाहीर होतो, नकाशे पालिकेत लावले जातात आणि हरकती मागवल्या जातात. त्यासाठी जेमतेम महिना-दोन महिन्यांची मुदत असते. तेवढ्या काळात जो गेला त्याचं म्हणणं नोंदवलं जातं. जो गेला नाही, त्याच्या जमिनीचं वीस वर्षांचं भवितव्य त्याच्याशिवाय ठरतं.

लोकांनी मनावर घेतलं तर काय होतं, याची उदाहरणं आपल्याकडे आहेत. पुण्याच्या जुन्या हद्दीचा प्रारूप आराखडा २०१३ मध्ये जाहीर झाला, तेव्हा ८० हजारांहून अधिक हरकती-सूचना आल्या. मुंबईचा २०१४ ते २०३४ या काळासाठीचा पहिला प्रारूप २०१५ मध्ये इतक्या चुकांसह आला की नागरिकांनी, वास्तुविशारदांनी आणि वस्त्यावस्त्यांतल्या गटांनी तो रेषेरेषेने तपासला, आणि मुख्यमंत्र्यांना तो मागे घ्यायला सांगावं लागलं. सुधारित आराखडा आणि त्याची नियमावली २०१८ मध्ये लागू झाली. गोव्यात त्याही आधी असंच घडलं होतं. प्रादेशिक आराखडा २०११ हा २००६ मध्ये अधिसूचित झाला. गावोगावी लोकांनी नकाशे उघडले, आपल्या टेकड्या आणि शेतं कोणत्या रंगात गेली हे पाहिलं, आणि जानेवारी २००७ मध्ये सरकारला तो रद्द करावा लागला. नकाशा वाचणं हे तज्ज्ञांचं काम आहे, असं मला कुणी सांगितलं की मी त्याला गोव्याच्या त्या हिवाळ्याची आठवण करून देतो.

पण आराखडा गरिबाच्या आणि मध्यमवर्गीयाच्या अंगावरही येतो. आयुष्याची पुंजी घालून घेतलेल्या दोन गुंठ्यांवर बागेचं आरक्षण पडतं. पालिकेकडे संपादनाला पैसे नसतात. मालकाला बांधता येत नाही, विकायला गेलं तर भाव येत नाही. यासाठी एमआरटीपीचं कलम १२७ आहे, आणि ते प्रत्येक भूधारकाला माहीत असायला हवं. अंतिम आराखडा अमलात आल्यापासून दहा वर्षांत जमीन संपादित झाली नाही, तर मालक नोटीस देऊ शकतो. त्यानंतर २४ महिन्यांत संपादनाची पावलं उचलली गेली नाहीत, तर आरक्षण व्यपगत होतं. नोटीस मात्र मालकानेच द्यायची असते. आरक्षण आपोआप उठत नाही, हे न कळल्याने दोन-दोन पिढ्या वाट पाहत बसलेली कुटुंबं मला माहीत आहेत.

पुण्याच्या टेकड्यांचा प्रश्न याहून अवघड आहे. १९९७ मध्ये पालिकेत आलेल्या २३ गावांच्या हद्दीतल्या ९७८ हेक्टर टेकड्यांवर जैवविविधता उद्यानाचं आरक्षण आहे. पुणेकर त्याला बीडीपी म्हणतात. शहराला श्वास घेता यावा म्हणून ते हवंच, याविषयी माझ्या मनात तिळमात्र शंका नाही. पण मोबदला म्हणून ठरला तो फक्त आठ टक्के टीडीआर, म्हणजे हस्तांतरणीय विकास हक्क. एवढा कमी मोबदला देऊन टेकडी राखायची म्हटलं की तिचा मूळ मालक तिचा शत्रू होतो. मग रातोरात प्लॉट पडतात, गुंठा-गुंठा विकला जातो, आणि ज्याने तो घेतला त्याला झोन दाखला काढायचा असतो हेही कुणी सांगत नाही. शहराच्या हिताचा भार एका घरावर टाकायचा असेल तर त्याची रास्त भरपाई शहराने दिली पाहिजे. हे तत्त्व आपण कागदावर मानतो आणि तिजोरी उघडायची वेळ आली की विसरतो.

आणखी काही रेषा पालिकेच्या हातातही नसतात. देहूरोडच्या दारूगोळा कोठाराभोवतीचा २,००० यार्डांचा रेड झोन संरक्षण खात्याचा. नदीची निळी पूररेषा पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची आणि लाल रेषा शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, दोन्ही जलसंपदा विभागाने आखलेल्या. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पंचगंगा आणि कृष्णा कोल्हापूर-सांगलीत कुठवर आल्या, ते ज्यांनी पाहिलं त्यांना या रेषांचा अर्थ वेगळा सांगावा लागत नाही. घर घेताना मात्र त्या रेषा कुठून जातात, हे विचारणारे अजूनही थोडेच.

झोन अनुकूल निघाला की परवानगीचा टप्पा येतो. मुंबईत १८८८ चा महापालिका कायदा, इतर महापालिकांत १९४९ चा, आणि दोन्हीकडे एमआरटीपी. अर्ज, मोजणी नकाशा, मालकीचे उतारे, वास्तुविशारदाचे आराखडे, मग बांधकाम प्रारंभ प्रमाणपत्र, जोता तपासणी आणि सगळ्यात शेवटी भोगवटा. साठ दिवसांत निर्णय कळवला नाही तर परवानगी मिळाल्याचं मानलं जातं, अशी तरतूद कलम ४५ मध्ये आहे. मात्र बांधकाम नियमांत बसणारं असेल तरच तिचा आधार घेता येतो, आणि ही अट विसरून तिच्यावर विसंबणारे अडचणीत येतात. २ डिसेंबर २०२० रोजी राज्याने मुंबई आणि काही विशेष क्षेत्रं वगळून सर्वत्र एकच नियमावली मंजूर केली, तिला यूडीसीपीआर म्हणतात. तोवर शेजारशेजारच्या दोन नगरपालिकांत सामासिक अंतरांचे नियम वेगळे असायचे. या नियमावलीने १५० चौरस मीटरपर्यंतच्या लहान भूखंडांना कमी जोखमीचं मानून त्यांची वाट सोपी केली. अकृषिक परवानगीचीही तीच गोष्ट. महसूल कायद्यात कलम ४२-अ पासून ४२-ड पर्यंतची भर पडल्यावर, आराखड्यात निवासी दाखवलेल्या किंवा गावठाणाच्या हद्दीपासून २०० मीटरच्या आतल्या जमिनीला स्वतंत्र एनए परवानगीचे हेलपाटे उरले नाहीत, रूपांतरण कर भरून काम होतं. तरी आजही एनए करून देतो म्हणून पैसे उकळणारे दलाल तालुक्याच्या गावी भेटतात, कारण हा बदल लोकांपर्यंत पोचलेला नाही.

परवानगी म्हणजे निव्वळ त्रास, असं ज्यांना वाटतं त्यांना मी मुंब्र्याजवळच्या शीळफाट्याची आठवण करून देतो. ४ एप्रिल २०१३ रोजी तिथली लकी कंपाउंडमधली इमारत कोसळली आणि ७४ माणसं मेली. काही महिन्यांत मजल्यावर मजला चढवलेली ती इमारत अनधिकृत होती. तिच्यात राहायला आलेली माणसं स्वस्त भाड्यासाठी आली होती. नकाशा मंजूर आहे का, हा प्रश्न त्यांच्यापर्यंत पोचलाच नव्हता. मंजुरीची सही म्हणजे लोखंड किती, पाया किती, याची कुणीतरी जबाबदारी घेतल्याची खूण असते. ती सहीच खोटी निघाली तर काय होतं, ते डोंबिवलीने पाहिलं आहे. तिथल्या ६५ इमारतींच्या बांधकाम परवानग्या बनावट निघाल्या, आणि त्या कागदांवर महारेरा या स्थावर संपदा नियामक प्राधिकरणाची नोंदणीही मिळवलेली होती. उच्च न्यायालयाने २०२४ मध्ये त्या पाडण्याचा आदेश दिला, तेव्हा कर्ज काढून घरं घेतलेली कुटुंबं रस्त्यावर उतरली. त्यांनी खरेदीखत पाहिलं होतं, रेरा क्रमांक पाहिला होता, बँकेनेही कागद पाहिले होते. परवानगीचा क्रमांक पालिकेच्या नोंदीशी ताडून पाहायचा मात्र राहून गेला. त्यांना दोष द्यायला माझी जीभ रेटत नाही. पण या पुस्तकात ती पडताळणी कशी करायची यावर सर्वांत मोठं प्रकरण आहे, ते त्यांच्यामुळेच.

वरळीचं कॅम्पा कोला कंपाउंड हे दुसऱ्या टोकाचं उदाहरण. वस्ती सुखवस्तू, इमारती भक्कम. परवानगी मात्र पाच मजल्यांची होती आणि १९८० च्या दशकात काही इमारती वीस मजल्यांपर्यंत गेल्या. वरच्या मजल्यांवरचे रहिवासी वर्षानुवर्षं तिथे नांदले, कर भरत राहिले. २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते मजले अनधिकृतच ठरवले. पावत्यांची फाइल त्यांच्याकडेही होती.

गुंठेवारीचा प्रश्न मात्र फसवणुकीच्या याच मापाने मोजू नये. पुणे, पिंपरी-चिंचवड, सांगली, छत्रपती संभाजीनगर इथे कारखान्यांत काम करणाऱ्या, हमाली करणाऱ्या, घरकाम करणाऱ्या माणसांनी गुंठा-दोन गुंठे घेऊन घरं बांधली, कारण कायदेशीर घर त्यांच्या आवाक्यात कधी नव्हतंच. १९४७ चा तुकडेबंदी कायदा त्यांच्या खरेदीच्या आड येत होता, आराखड्याचा हिरवा रंग परवानगीच्या. २००१ मध्ये गुंठेवारी नियमितीकरणाचा कायदा झाला आणि २०२१ च्या दुरुस्तीने त्याची मुदतरेषा ३१ डिसेंबर २०२० पर्यंत आणली. नियमित करून घ्यायचं शुल्क आणि कागदपत्रं यांमुळे अनेक घरं अजून बाहेर आहेत. ज्या शहराने या माणसांच्या श्रमावर आपली उपनगरं वाढवली, त्या शहराने त्यांच्यासाठी पिवळ्या रंगाचा एक पट्टाही राखू नये, हा आपल्या नियोजनातला मोठा अन्याय आहे.

आता कराकडे येतो. घरपट्टी दोन पद्धतींनी निघते. बहुतेक महापालिकांत मिळकतीला वर्षभरात किती भाडं येऊ शकेल याचा अंदाज घेतात, त्यातून दुरुस्तीसाठी दहा टक्के वजा करतात आणि उरलेल्या करपात्र मूल्यावर दर लावतात. मुंबईतही असंच होतं. पण १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने जुनी भाडी गोठली होती आणि करपात्र मूल्य प्रमाणित भाड्यापलीकडे जाता येणार नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने ठरवलेलं होतं. त्यामुळे दक्षिण मुंबईतल्या जुन्या प्रशस्त जागेला दहिसर-मुलुंडच्या नव्या दोन खोल्यांपेक्षा कमी कर पडायचा. हे विषम चित्र बदलायला २०१० पासून भांडवली मूल्याची पद्धत आली: रेडी रेकनरचा दर, चटई क्षेत्र, इमारतीचं वय आणि वापर. त्यातही एक गोम होती. मोकळ्या जमिनीवर पुढे किती एफएसआय (चटई क्षेत्र निर्देशांक) वापरता येईल, या शक्यतेवरही मूल्य काढलं जात होतं. उच्च न्यायालयाने ते नियम रद्द केले आणि २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल कायम ठेवला. जे अजून बांधलेलं नाही त्यावर कर लावता येत नाही. झोन, परवानगी आणि कर एकाच निकालात एकत्र आले ते इथे.

सवलतींचा विषय मी या पुस्तकात सर्वांत सावकाश मांडला आहे, कारण सर्वांत जास्त गैरसमज तिथे आहेत. पुण्यापासून सुरुवात करू. १९७० मध्ये पुणे महापालिकेने ठराव केला: मालक स्वतः राहत असेल तर वार्षिक भाडेमूल्यात ४० टक्के सूट. विचार उघड होता. भाडेकरू ठेवणाऱ्याला उत्पन्न मिळतं, स्वतः राहणाऱ्याला मिळत नाही. शिवाय देखभाल-दुरुस्तीची वजावट दहाऐवजी पंधरा टक्के. चार दशकं हे चाललं. मग लेखापरीक्षणात आक्षेप निघाला की कायद्यात अशी तरतूदच नाही, आणि २०१८ मध्ये राज्य सरकारने तो ठराव विखंडित केला. त्यानंतर नोंदल्या गेलेल्या नव्या घरांना पूर्ण आकारणी लागली. सर्वेक्षणात जिथे भाडेकरू आढळल्याची नोंद झाली त्या जुन्या घरांची सवलतही गेली. मागच्या फरकाची बिलं आली तेव्हा पेन्शनवर जगणाऱ्या माणसांच्या हाताला कापरं भरलं. २०२३ मध्ये मंत्रिमंडळाने सवलत पुन्हा दिली. पण ज्याला ती मिळत नव्हती अशा घराला आता पीटी-३ हा अर्ज भरावा लागला: मालक स्वतः राहतो याबद्दल सोसायटीचं पत्र, मतदार ओळखपत्र, पारपत्र, शिधापत्रिका, गॅसकार्ड अशांपैकी पुरावे, आणि शहरात दुसरी मिळकत असेल तर तिचंही बिल. मुदत दिली गेली, वाढवली गेली. तरीही माझ्या माहितीत असे वृद्ध आहेत, ज्यांची मुलं परदेशी, बातमी कुणी सांगितली नाही आणि ते आजही पूर्ण कर भरताहेत.

मुंबईने दुसरी वाट घेतली. ५०० चौरस फूट, म्हणजे ४६.४५ चौरस मीटर चटई क्षेत्रापर्यंतच्या निवासी घरांना २०१९ मध्ये फक्त सर्वसाधारण कर माफ झाला, बाकीचे घटक चालूच राहिले, आणि माफीच्या घोषणेनंतर हातात बिल पडल्यावर लोक गोंधळले. जानेवारी २०२२ मध्ये संपूर्ण मालमत्ता कर माफ झाला. तेव्हा सरकारने लाभार्थी कुटुंबांचा आकडा १६ लाखांच्या घरात सांगितला. ही माफी क्षेत्रफळावर आहे, तिथे कोण राहतं यावर नाही. मलबार हिलची छोटी सदनिका आणि गोवंडीची खोली दोन्ही तिच्यात येतात. ५०१ चौरस फुटांच्या घराला मात्र एकही रुपया सुटत नाही. मला पुण्याची कसोटी अधिक न्याय्य वाटते आणि मुंबईची अंमलबजावणी अधिक माणुसकीची, कारण मुंबईत घर आपलं राहतं आहे हे सिद्ध करायला वृद्धाला कागद गोळा करावे लागत नाहीत. दोन्हींतलं चांगलं एकत्र करणारा नियम कुठल्याच शहराने अजून केलेला नाही.

बाकीच्या सवलती थोडक्यात. सार्वजनिक पूजास्थानं आणि धर्मादाय वापराच्या इमारतींना सर्वसाधारण करातून सूट आहे. माजी सैनिक आणि त्यांच्या विधवा पत्नींसाठी राज्याची स्वतंत्र योजना आहे. पुण्यात सौरऊर्जा, गांडूळखत आणि पावसाचं पाणी साठवण यांपैकी एक असेल तर पाच टक्के, दोन असतील तर दहा टक्के सूट मिळते. वर्षाच्या सुरुवातीला भरणाऱ्याला वेगळी सूट, आणि थकवणाऱ्याला दरमहा दोन टक्के शास्ती. ही शास्ती चार वर्षांत जवळजवळ मूळ रकमेइतकी होते, हे कृपा करून ध्यानात ठेवावं.

शास्ती म्हटलं की पिंपरी-चिंचवडचा विषय टाळता येत नाही. २००८ मध्ये महापालिका कायद्यात कलम २६७-अ आलं: अनधिकृत बांधकामाला मिळकतकराच्या दुप्पट शास्ती, आणि ती भरली म्हणून बांधकाम नियमित समजायचं नाही, हेही त्याच कलमात. हेतू वाईट नव्हता. पण ज्याने चार मजले चढवून भाडं खाल्लं आणि ज्याने गुंठ्यात दोन खोल्या बांधल्या, दोघांना एकच पट लागली. लहान घरांची थकबाकी घराच्या किमतीशी स्पर्धा करू लागली, लोकांनी मूळ करही भरणं सोडलं. एका दशकाच्या आंदोलनांनंतर आधी ६०० चौरस फुटांपर्यंत, मग १,००० चौरस फुटांपर्यंत आणि २०२३ मध्ये मूळ कर भरण्याच्या अटीवर पूर्ण शास्ती माफ झाली. पेढे वाटले गेले. मला त्या आनंदात भाग घ्यावासा वाटतो, पण एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही: शास्ती गेली, घर अनधिकृतच राहिलं. नियमितीकरणाचा अर्ज वेगळा, शुल्क वेगळं, खातं वेगळं.

माझ्या मनाला सर्वाधिक लागलेला मुद्दा याच्याही पुढचा आहे. जकात गेली, स्थानिक संस्था करही बहुतांशी २०१५ मध्ये गेला, आणि १ जुलै २०१७ ला जीएसटी आल्यावर मुंबईचीही जकात संपली. आता पालिकेचा स्वतःचा म्हणावा असा मोठा कर एकच उरला, तो घराचा. आणि प्रत्येक निवडणुकीच्या तोंडावर त्याच कराच्या माफीची चढाओढ लागते. मग रस्ते, गटारं, शाळा, दवाखाने कशातून चालवायचे? राज्याच्या भरपाईतून, आणि एफएसआय विकून. मुंबईत २०१२ मध्ये फंजिबल एफएसआय आला आणि जादा चटई क्षेत्रासाठी अधिमूल्य घेणं नियमित झालं. आज बांधकामातून येणारं उत्पन्न पालिकेच्या अंदाजपत्रकाचा मोठा खांब आहे. उभ्या घरांकडून कर मागायला कचरणारं शहर उद्याच्या मजल्यांवर जगू लागतं. मग साडेत्रेसष्ट अंशांच्या नियमाचा जो वंशज, ती मोकळी जागा, तीही अधिमूल्य भरून कमी करून मिळते. लहान घराला माफी मिळावी, हे मी मनापासून मानतो. ती माफी शेजारच्या इमारतीचा उजेड विकून भरून काढू नये, एवढंच माझं म्हणणं आहे. करसवलतीचा ठराव येतो तेव्हा नगरसेवकाला विचारायला हवं की ही तूट कोणत्या रकान्यातून भरणार.

एकेकाळी कर आणि मत यांचं नातं फार उघड होतं. १८७२ च्या कायद्याने मुंबईच्या पालिकेत ६४ सभासद आले आणि त्यातले निम्मे करदात्यांनी निवडून द्यायचे होते. मत फक्त करदात्याला, ही गोष्ट अन्यायाचीच होती आणि ती गेली ते बरं झालं. पण आपल्या पैशाचा हिशेब मागायची त्या काळच्या करदात्यांची सवय आपण टिकवायला हवी होती.

हे पुस्तक वकिलांसाठी नाही. सोसायटीचे सचिव, प्लॉट घेऊ पाहणारी जोडपी, गावठाणात वडिलोपार्जित घर दुरुस्त करायला निघालेले भाऊ, पालिकेत नव्याने आलेल्या गावांत ग्रामपंचायतीच्या नमुना ८ वरून महापालिकेच्या बिलावर येताना गांगरलेले लोक, आणि परगावी राहून इथल्या घराची काळजी करणारी मुलं, यांच्यासाठी ते लिहिलं आहे. म्हणून प्रत्येक प्रकरणाच्या शेवटी त्या कामाचा अर्ज कुणाकडे करायचा, सोबत काय जोडायचं आणि किती दिवसांत उत्तर मागायचं, ते दिलं आहे. करवाढीची विशेष नोटीस आली तर तिच्यावरची मुदत आधी पाहावी. तेवढ्या दिवसांत लेखी हरकत दिली नाही तर आकारणी कायम होते. पुढे १९४९ च्या महापालिका कायद्याच्या कलम ४०६ खाली न्यायालयात अपील करायचं तर आधी कराची रक्कम भरावी लागते. पोच घेतल्याशिवाय अर्ज देऊ नये. आणि नियम सतत बदलत असल्याने कोणताही दर किंवा टक्केवारी वापरण्यापूर्वी त्या वर्षीचा शासन निर्णय पाहून घ्यावा. कलमांचे क्रमांक मात्र मी सर्वत्र मुद्दाम दिले आहेत, खिडकीपलीकडच्या माणसाला ते वाचून दाखवता यावेत म्हणून.